ऊन, पाऊस आणि अजिंठ्याची वाट

वसंत व्याख्यानमालेची सभा दिवस मावळल्यावर भरते, याचे कोणालाच नवल वाटत नाही. खान्देशात चैत्र-वैशाखाच्या भर दुपारी सभा बोलावण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही. आणि बोलावलीच, तर वक्ता आणि सतरंजी यांखेरीज तिसरे कोणी तेथे असणार नाही. सभेची वेळ ठरविताना चालक घड्याळ पाहतात असे आपणांस वाटते. वस्तुतः ते सूर्य पाहत असतात. शेती, लग्नसराई, जत्रा, बाजार, गवंडीकाम अशा आपल्या बहुतेक उद्योगांनी ऊन-पावसाशी तडजोड करून घेतलेली आहे. ही तडजोड इतकी जुनी आहे की, ती आपल्या ध्यानातही राहत नाही. ती मोडू लागली म्हणजे मग ती होती हे कळते.

प्रवास आणि स्थलदर्शन हा असाच एक उद्योग आहे. लोक एखादे स्थळ पाहावयास केव्हा जातात, किती वेळ थांबतात, किती खर्च करतात आणि सुखरूप परत येतात की नाही, या सर्वांचा हवेशी निकट संबंध आहे. हे हवामानच आता बदलू लागले असेल, तर स्थळांचे आणि तेथे जाणाऱ्यांचे काय होईल, हा आजच्या लेखाचा विषय आहे. तो समजावून घेण्यासाठी आपणांस दूर जाण्याचे कारण नाही. अजिंठ्याची लेणी आपल्या शेजारीच आहेत. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झालेली, ५६ किलोमीटर लांबीची पाचोरा-जामनेर छोटी गाडी २०२० सालापर्यंत चालत होती. तिच्या वाटेवरील पहूर हे लेण्यांना सर्वांत जवळचे स्टेशन. मोठ्या गाडीने आलेला प्रवासी पाचोऱ्यास उतरे, छोट्या गाडीत बसून शेंदुर्णीवरून पहूरला जाई आणि तेथून फर्दापूरची वाट धरी. म्हणजे पाचोरा हे एका अर्थाने अजिंठ्याचे दारच होते. दाराशी राहणाऱ्याने घराची चौकशी ठेवली पाहिजे.

हवा आणि हवामान

प्रथम दोन शब्दांतील भेद स्पष्ट करून घेऊ. आज ऊन आहे, उद्या आभाळ आले, परवा गारा पडल्या, ही झाली हवा. एखाद्या प्रदेशात अशी हवा वर्षानुवर्षे कशी वागते, त्याची सरासरी आणि तिचे चढउतार म्हणजे हवामान. शास्त्रज्ञ त्यासाठी सामान्यतः ३० वर्षांच्या नोंदी घेतात. एका साली कापूस बुडाला म्हणून शेतकरी जमीन हलकी ठरवीत नाही. पुष्कळ सालांचा अनुभव पाहून तो जमिनीची प्रत ठरवितो. हवा आणि हवामान यांचा संबंध असाच आहे. म्हणून एका कडक उन्हाळ्यावरून हवामान बदलले असे म्हणणे जितके चूक, तितकेच एका थंड वर्षावरून ते बदलत नाही असे म्हणणेही चूक.

प्रवासी या दोहोंचा विचार दोन वेगळ्या वेळी करतो. कोणत्या महिन्यात जावे हे तो हवामानावरून ठरवितो. नेमके आज निघावे की नाही, हे हवेवरून. दिवाळीनंतर अजिंठ्यास जावे, हा पहिला निर्णय. सकाळी उठून आभाळ भरलेले पाहिले आणि बेत पुढे ढकलला, हा दुसरा. पहिल्या निर्णयावर हॉटेले, मोटारी, वाटाडे आणि दुकानदार यांचा वर्षाचा संसार उभा असतो. दुसऱ्यावर त्यांची त्या दिवसाची चूल पेटते.

आता आकडे पाहू. केंद्र शासनाच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले. २०२४ हे वर्ष १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. पाऊण अंश म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण ही वर्षभराची आणि साऱ्या देशाची सरासरी आहे. सरासरी थोडी सरकली, तरी टोकाचे दिवस पुष्कळ वाढतात. वर्गाच्या सरासरी उंचीत एका बोटाची भर पडली, तर दाराची चौकट डोक्याला लागणारी मुले एकदोनांवरून एकदम पाचसहा होतात, तसेच हे आहे.

पूर्वजांचे वेळापत्रक

आपल्या पूर्वजांनी प्रवासाचे वेळापत्रक हवामान पाहूनच बांधले होते. बौद्ध भिक्षू वर्षातील बहुतेक काळ फिरते असत. पावसाळ्यात मात्र त्यांनी एका जागी राहावे असा नियम होता. त्यासच वर्षावास म्हणतात. चिखलाच्या वाटा, भरलेल्या नद्या आणि पायांखाली चिरडणारे लहान जीव ही त्याची कारणे. डोंगरात कोरलेले विहार हे या वर्षावासाच्या फार उपयोगी पडले. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर, सुमारे २५० फूट उंचीच्या काळ्या कातळात कोरलेली ही सुमारे ३० लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून पाचव्या शतकापर्यंत निरनिराळ्या काळी तयार झाली. ज्या ऋतूत हिंडू नये त्या ऋतूत राहण्याची ती जागा होती. आज नेमक्या त्याच ऋतूत धबधबा पाहावयास लोक तेथे हिंडत जातात, हा कालाचा महिमा म्हणावयाचा.

हिंदू समाजातही चातुर्मासात प्रवास कमी करण्याची रीत होती. बहुतेक गावांच्या जत्रा कापणी-मळणीनंतर, कार्तिकापासून चैत्रापर्यंत भरतात. वाटा कोरड्या, विहिरींना पाणी, हातात पैसा आणि कामाला सवड, असा तो काळ. याला मोठे अपवादही आहेत. चैत्र महिन्यात खान्देशातून हजारो लोक सप्तशृंगीच्या गडाकडे पायी जातात. मुक्ताईनगरहून निघणारी संत मुक्ताबाईंची पालखी आषाढीला पंढरपुरास पोचावयाची, म्हणून ज्येष्ठाच्या उन्हातच वाट चालू लागते.

येथे यात्रेकरू आणि पर्यटक यांतील एक महत्त्वाचा फरक दिसतो. यात्रेकरू तिथीशी बांधलेला आहे. ऊन वाढले म्हणून चैत्री पौर्णिमा मार्गशीर्षात नेता येत नाही. त्याच्यासाठी वाटेवर सावली, पाणी आणि औषध नेऊन ठेवणे एवढेच आपल्या हाती असते. पर्यटक सवडीशी बांधलेला आहे, आणि सवड ही माणसाने ठरविलेली गोष्ट आहे. ती हलविता येते. मे महिन्यात शाळांना सुटी असते, आखाजीला लेकी माहेरी आलेल्या असतात, मुंबई-पुण्याची नातवंडे आजोळी येतात. साहजिकच सगळ्यांनी मिळून अजिंठा पाहावा असे ठरते. म्हणजे घरातील माणसांना जेव्हा सर्वांत अधिक सवड, तेव्हाच खान्देशचे ऊन सर्वांत अधिक कडक. ही गाठ पुढे अधिकाधिक आवळत जाणार आहे.

उन्हाचा हिशेब

ऊन बाधते म्हणजे काय होते? आपल्या शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राहिले पाहिजे. बाहेरची हवा त्याहून थंड असेल, तर शरीरातील उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा ३७ अंशांवर गेली की हा मार्ग बंद होतो आणि उलट बाहेरची उष्णता आत येऊ लागते. मग एकच उपाय उरतो, तो घामाचा. घाम वाळताना शरीराची उष्णता घेऊन जातो. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, तेच हे कारण. हवा कोरडी असेल तर घाम भराभर वाळतो, म्हणून आपल्याकडील ४२ अंशांतही माणूस सावलीत तग धरतो. मात्र तेवढे पाणी त्याने प्यावयास हवे. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. २०२३ च्या १६ एप्रिलला नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावरील समारंभात उष्माघाताने १४ माणसे दगावली. त्या दिवशी तेथील पारा जळगावच्या मेच्या पाऱ्याइतका चढलेला नव्हता. पण दमट हवा, माथ्यावर ऊन आणि तासन् तास बसणे, हे तिन्ही एकत्र आले होते. म्हणून केवळ पाऱ्याचा आकडा पाहून निर्धास्त राहू नये.

हवामान खाते मैदानी प्रदेशात उष्णतेची लाट केव्हा म्हणते, हेही जाणून ठेवावे. कमाल तापमान निदान ४० अंश असून ते त्या दिवसाच्या सरासरीहून साडेचार किंवा अधिक अंशांनी वर गेले, अथवा प्रत्यक्ष ४५ अंशांस पोचले, तर ती लाट समजतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात ४४-४५ अंश हे काही नवे नाहीत. आता हे ऊन घेऊन लेण्यांपाशी चला. लेण्यांच्या आत गारवा असतो, कारण जाड कातळाला तापावयास आणि निवावयास फार वेळ लागतो. पण एका लेण्यातून दुसऱ्यात जावयाचे म्हणजे पायऱ्या चढावयाच्या, उघड्या वाटेने चालावयाचे. काळा दगड सकाळपासून ऊन पितो आणि दुपारी तेच परत टाकतो; नालाच्या आकाराचा कडा वारा अडवितो. पहिल्या लेण्यापासून सव्विसाव्यापर्यंत जाणाऱ्या वृद्धास किंवा लहान मुलास हा चढ-उतार दोन-तीन तास करावा लागतो. डोली वाहणाऱ्यांस तर दुसऱ्याचे ओझे घेऊन तो दिवसातून अनेकदा करावा लागतो. पाहुण्याच्या उन्हाची चर्चा करताना त्यांच्या उन्हाचा विसर पडू नये.

स्थळाचे हवामान पर्यटनास किती अनुकूल आहे, हे मोजण्याचा प्रयत्नही झालेला आहे. मिएच्कोव्हस्की या भूगोलज्ञाने १९८५ साली एक निर्देशांक मांडला. शंभरांपैकी ४० गुण दुपारच्या वेळच्या सुखद हवेस, १० दिवसभराच्या सरासरी सुखद हवेस, २० पाऊस कमी असण्यास, २० सूर्यप्रकाशास आणि १० वाऱ्यास, अशी त्याची वाटणी आहे. या मोजपट्टीने आपल्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या हवेस उत्तम गुण मिळतील आणि मेच्या हवेस अगदी कमी. पण तिचा एक दोष आपल्या लोकांच्या चटकन् ध्यानात येईल. तिच्यात पाऊस पडला की गुण कापले जातात आणि ऊन असले की वाढतात. थंड देशांतील, उन्हास आसुसलेल्या माणसासाठी हे ठीक आहे. आठ महिने उन्हात काढलेल्या खान्देशी माणसास पाऊस ही अडचण वाटत नाही. तो पाऊस पाहावयासच घराबाहेर पडतो. चांगली हवा कोणती, हे अंशतः पाहुणा कोठून आला यावर अवलंबून असते.

पावसाची दोन रूपे

जळगावकडे वर्षास सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढ्या पाण्यावर अजिंठ्याचा डोंगर हिरवा होतो, लेण्यांच्या टोकाशी सातकुंडाचा धबधबा कोसळू लागतो, चाळीसगावजवळ पाटणादेवीचे रान भरून येते, सातपुड्याच्या पायथ्याशी मनुदेवीस गर्दी लोटते. पावसाळी सहलींची आवड सगळ्या महाराष्ट्रात वाढली आहे. भिजण्यात आनंद आहे, तो घ्यावा. पण त्यातील धोका ओळखून घ्यावा.

हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प सामावून घेऊ शकते. घागर मोठी झाली म्हणजे भरावयास वेळ लागतो, परंतु उपडी झाली की पाणीही अधिक सांडते. पावसाचे तसेच होते. पावसात अधिक खंड पडतात, आणि पडतो तेव्हा तो एकदम पडतो. मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्याचे शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले. वर्षाची बेरीज तीच राहिली, तरी तिचे हप्ते बदलतात. धबधबा पाहणाऱ्यास बेरजेशी कर्तव्य नसते. तो ज्या दिवशी जाईल त्या दिवशी एक तर धार आटलेली असते, नाही तर लोंढा आलेला असतो.

आपल्या डोंगरांची रचनाही लक्षात घ्यावी. काळ्या कातळावर मातीचा थर पातळ, उतार तीव्र. पडलेले पाणी मुरण्याऐवजी धावते. माथ्यावर पाऊस झाला की दरीतील ओढा काही मिनिटांत चढतो. खाली डुंबणाऱ्यांच्या डोक्यावर त्या वेळी कदाचित् निरभ्र आकाशही असते. लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागील बाजूस ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण प्रवाहात सापडून गेले. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जण दगावले. दोन्ही ठिकाणी लोक पावसाची शोभा पाहण्यासाठीच आले होते.

स्थळ सुरक्षित असले तरी वाट सुरक्षित असते असे नाही. ३१ ऑगस्ट २०२१ च्या सुमारास चाळीसगाव परिसरात अतिवृष्टी झाली. तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आले आणि कन्नडच्या औट्रम घाटात दरडी कोसळून तो बंद पडला. खान्देशातून वेरूळकडे जाणारी ही मुख्य वाट. वेरूळचे लेणे जागच्या जागी होते, दार उघडे होते, पण इकडील माणसास ते बंदच झाले. हिवाळ्यातही हाच प्रकार निराळ्या रूपाने घडतो. उत्तरेत दाट धुके पडले की भुसावळ-जळगावकडे येणाऱ्या गाड्या कित्येक तास उशिरा येतात आणि येथे लख्ख ऊन असताना अजिंठ्याचा पाहुणा आग्र्याकडेच अडकून पडतो. आणि ज्या महिन्यांस आपण निर्धोक समजतो, तेही आता पुरते निर्धोक राहिलेले नाहीत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात दिवसामागून दिवस गारपीट झाली, ती शेतकरी अजून विसरलेला नाही.

लेण्याच्या आतील हवा

आतापर्यंत आपण हवा पाहुण्यास काय करते ते पाहिले. हवा आणि पाहुणा मिळून स्थळास काय करतात, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. कारण बाधलेला पाहुणा बहुधा बरा होतो, पुसलेले चित्र पुन्हा उमटत नाही.

अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. कातळाच्या खडबडीत भिंतीवर माती, भाताचा तूस, वनस्पतींचे तंतू अशा द्रव्यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्या कोरड्या पृष्ठावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग, असा तो प्रकार आहे. मातीचा गिलावा ओल शोषून फुगतो आणि वाळला की आकसतो. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांच्या भिंतींस पोपडे कसे सुटतात, हे येथे कोणास सांगावयास नको. त्यातील तूस-तंतू हे कीटकांचे अन्न आहे, आणि ओल असली की कीटक व बुरशी वाढतात. पावसाळ्यात कातळाच्या भेगांतून पाणी झिरपते ते निराळेच. पावसाचे दिवस थोडे आणि जोर अधिक झाला, तर फुगणे-आकसणे यांचे फेरे अधिक तीव्र होणार.

यात पाहुण्याचा वाटा किती? उभा असलेला माणूस श्वास आणि घाम यांच्या द्वारे तासास सुमारे ५० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने हवेत सोडतो आणि सुमारे १०० वॅटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता देतो. समजा, एका लेण्यात ४० माणसे आहेत. तर तासास दोन लिटर पाणी आणि ४० दिव्यांची उष्णता आपण त्या खोलीत ओतली. एप्रिलच्या कोरड्या हवेत ते पाणी सहज विरून जाते. ऑगस्टमध्ये हवा आधीच ओली असते, पाहुण्यांचे कपडेही भिजलेले असतात. मग ते पाणी जाणार कोठे? त्यातील काही भाग भिंती घेतात. म्हणजे तीच ४० माणसे एका ऋतूत लेण्यास जड होत नाहीत आणि दुसऱ्या ऋतूत जड होतात. किती माणसे सोडावीत, या प्रश्नाचे उत्तर बारमाही एकच असू शकत नाही, हे यावरून दिसून येईल.

ही भीती काल्पनिक नाही. फ्रान्समधील लास्को येथील गुहेत आदिमानवाने काढलेली चित्रे १९४० साली सापडली. १९४८ मध्ये ती लोकांस खुली झाली, आणि पाहुण्यांच्या श्वासाने व उष्णतेने भिंतींवर शेवाळ धरू लागल्यामुळे १९६३ मध्ये बंद करावी लागली. १९८३ पासून लोक तेथे शेजारी बांधलेली प्रतिकृती पाहतात. हजारो वर्षे जे टिकले, ते पंधरा वर्षांच्या कौतुकाने धोक्यात आले.

अजिंठ्यासही कौतुकाचा ताप नवा नाही. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने येथे आला आणि दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव व तारीख कोरून गेला. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी या तज्ज्ञांस बोलावून चित्रांची डागडुजी करविली. सुटलेले गिलावे त्यांनी पक्के केले, हे मोठे काम. पण रंगांवर दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला आणि तो काढण्याचे नाजूक काम नंतरच्या रसायनज्ञांवर येऊन पडले. प्रतींवर भिस्त ठेवावी, तर रॉबर्ट गिल याने १८४४ पासून परिश्रमाने केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत गेल्या, आणि मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनी केलेल्या नकलांपैकी पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनमधीलच साउथ केन्सिंग्टन येथील आगीत जळाल्या. नकला गेल्या, मूळ चित्रे कातळाच्या पोटात राहिली. १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेला हा ठेवा जपण्यास मूळ जागेखेरीज दुसरी जागा नाही.

पोटाचा प्रश्न

मग दार बंदच करावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. फर्दापूर, लेणापूर, अजिंठा या गावांतील पुष्कळ घरे पाहुण्यांवर चालतात. वाटाडे, डोलीवाले, स्फटिकाचे दगड विकणारे, चहावाले, जेवणावळी, मोटारवाले यांची कमाई नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत आणि पावसाळ्यातील सुट्यांच्या दिवसांत एकवटलेली असते. उन्हाळा लांबला आणि पावसाळी दिवस बेभरवशाचे झाले, तर हे चार महिने अधिक गर्दीचे आणि बाकीचे आठ अधिक ओस होतील. गर्दीच्या दिवसांत पाहुण्यास धड पाहता येत नाही, ओस दिवसांत गावास धड खाता येत नाही. त्यात दुष्काळाचे साल आले, तर पाहुण्यास पाणी कोठून द्यावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. २०१८ साली राज्य शासनास १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला होता. लेण्यांच्या पायथ्याची वाघूर हीच पुढे धरणात अडून जळगाव शहरास पाणी पाजते आणि तापीस मिळते. तेव्हा त्या दरीतील पाण्याचा प्रश्न केवळ पर्यटकाचा नाही, आपल्या घरच्या नळाचाही आहे.

काय करता येईल

उपाय फार मोठे नाहीत. पण ते ठरवून करावे लागतील. पहिला उपाय वेळेचा. २०२३ च्या जुलैमध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अथेन्स येथील अक्रोपोलिस दुपारच्या वेळी बंद ठेवण्यात आले होते. वेरूळची लेणी सूर्योदयापासून पाहता येतात. अजिंठ्याची नऊच्या सुमारास उघडतात. वैशाखात नऊ म्हणजे निम्मे ऊन झालेच. एप्रिल ते जून या काळात पहाटे दार उघडावे आणि भर दुपारी विश्रांती द्यावी, अशी मागणी या भागातील नागरिकांनी करणे योग्य होईल. त्यात पाहुण्याचे हित आहे, पहारेकऱ्याचे आणि डोलीवाल्याचेही आहे.

दुसरा उपाय सावली आणि पाणी यांचा. फर्दापूरच्या फाट्यावर खाजगी वाहने थांबवून पुढे बसने नेण्याची पद्धत धूर कमी करण्यास उपयोगी पडली. तशीच लेण्यांच्या वाटेवर, दृश्य न बिघडविता, बसावयास सावली आणि जागोजाग पिण्याचे पाणी हवे. तिसरा उपाय संख्येचा. चित्रांच्या लेण्यांत एका वेळी ठराविक माणसेच सोडण्याचा नियम आहे. ती संख्या ऋतुमानाप्रमाणे आणि आतील ओलाव्याच्या मोजणीप्रमाणे कमी-अधिक करावी. साताऱ्याजवळ कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात रोजच्या पाहुण्यांच्या संख्येस मर्यादा घालतात आणि लोक ती पाळतात. फुलांसाठी जे जमते, ते चित्रांसाठी का जमू नये?

चौथा उपाय आपल्या हातातील आहे. हवामान खाते जिल्हावार इशारे हिरव्या, पिवळ्या, नारिंगी आणि लाल अशा चार रंगांत देते. लाल किंवा नारिंगी इशारा असताना शाळेची सहल किंवा कुटुंबाची मोटार दरीत नेऊ नये, इतका शिस्तीचा धडा मुख्याध्यापकांनी आणि घरातील वडीलधाऱ्यांनी घालून द्यावा. आगाऊ भरलेले पैसे बुडतील या विचाराने निघालेल्या सहली फार असतात. म्हणून हवा बिघडल्यास दिवस बदलून मिळण्याची सोय मोटारवाल्यांनी आणि हॉटेलांनी ठेवावी. ती त्यांच्याही फायद्याची आहे, कारण रद्द झालेला पाहुणा जातो, पुढे ढकललेला परत येतो.

पाचोरा-जामनेर मार्ग रुंद करून बोदवडपर्यंत नेण्याच्या योजनेस मंजुरी मिळालेली आहे. ती गाडी धावू लागेल तेव्हा पहूरच्या वाटेने येणाऱ्यांची संख्या वाढेल आणि पाचोऱ्याचे ते जुने दार पुन्हा उघडेल. त्या दिवशी आपणांजवळ येणाऱ्यास सांगण्यासारखे काही असले पाहिजे: केव्हा जावे, किती वाजता निघावे, पाणी किती न्यावे, ओढ्यात कोठे उतरू नये, आणि ओल्या अंगाने चित्रांच्या भिंतीजवळ का जाऊ नये. हे सांगणारे फलक स्टेशनवर मराठीत लागावेत आणि सांगणारी माणसे गावात असावीत. पृथ्वीचे तापमान उतरविणे एकट्या पाचोऱ्याच्या हातचे नाही. दारातून आत जाणाऱ्यास दोन शब्द सांगणे मात्र आहे, आणि त्याची तयारी गाडी येण्यापूर्वीच केलेली बरी.